त्सुकिजी की तोयोसु? टोकियोत दोन सकाळी, मालवणी सासूबाई आणि माळकरी नवरा

मासोळी:
नमस्कार मंडळी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं टोकियोला चाललोय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई. सासूबाई मूळ मालवणच्या, वय ६८, डावखुऱ्या, तब्येत ठणठणीत. त्यांना बागा, मनोरे, फुलं यात काही रस नाही, एकच मागणं आहे, "तिथला मासळीबाजार दाखव, मग बाकी काय दाखवायचं ते दाखव". लहानपणी त्या वडिलांबरोबर पहाटे रापण ओढताना किनाऱ्यावर जायच्या, त्यामुळे मासळीचा बाजार म्हटलं की त्यांच्या अंगात येतं.

आता अडचण अशी की मी जेवढं वाचते तेवढा गोंधळ वाढतोय. कोणी म्हणतं त्सुकिजी बंद झालं, कोणी म्हणतं चालू आहे, कोणी म्हणतं तोयोसुला जा. आमच्या हातात दोनच सकाळी आहेत. आणि नवऱ्याने तीन वर्षांपूर्वी माळ घातलीय, म्हणजे मासे-मटण-अंडं सगळं बंद. त्याला बाजारात यायचंय, आईबरोबर फिरायचंय, पण त्याने तिथे खायचं काय? जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

निशीकासाईकर:
मी नऊ वर्षं इथे आहे, म्हणून आधी गोंधळ सोडवतो. त्सुकिजीचे दोन भाग होते. आतला म्हणजे घाऊक बाजार, जिथे लिलाव व्हायचे, आणि त्याला लागून बाहेरचा, ज्याला इथे 'जोगाई' म्हणतात, तिथे किरकोळ दुकानं, सुऱ्या, भांडी, सुकी मासळी, खाऊच्या टपऱ्या. आतला बाजार ६ ऑक्टोबर २०१८ ला बंद झाला आणि ११ तारखेला तोयोसुला नव्या इमारतीत सुरू झाला. बाहेरचा जागच्या जागी आहे, चारशेच्या वर दुकानं, आणि पूर्वीपेक्षा जास्त गर्दी. म्हणजे दोघांचंही ऐकलंत ते खरं आहे.

थोडा इतिहास, सासूबाईंना सांगायला. त्याआधी टोकियोचा मासळीबाजार निहोनबाशी पुलापाशी होता, तो १९२३ च्या मोठ्या भूकंपात गेला आणि १९३५ मध्ये त्सुकिजीचा बाजार उघडला. त्सुकिजी या शब्दाचा अर्थच 'भराव घालून केलेली जमीन'. आपल्या मुंबईसारखंच.

लिलाव बघायचा तर तोयोसु. खायचं, फिरायचं, दुकानदारांशी हातवारे करत बोलायचं तर त्सुकिजी. मेट्रो हिबिया लाइनचं त्सुकिजी स्टेशन किंवा ओएदो लाइनचं त्सुकिजीशिजो. रविवार आणि बुधवार टाळा, बरीच दुकानं बंद असतात. आठच्या आत पोचा, दुपारी दोननंतर झाडलोट सुरू झालेली असते.

गाबोळी_प्रेमी:
सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. रापणीवर वाढलेलं माणूस त्सुकिजीत उभं राहिलेलं बघायला मी विमानाचं तिकीट काढेन.

तात्या_वसईकर:
मी तोयोसुला जाऊन आलोय, दीड वर्षापूर्वी. आमच्या घरची बोट होती, वडील भाऊच्या धक्क्यावर माल उतरवायचे, त्यामुळे मला लिलावच बघायचा होता. सांगतो कसा असतो.

वरच्या काचेच्या मार्गिकेतून कोणालाही बघता येतं. खाली जवळच्या सज्जातून बघायचं असेल तर आधीच्या महिन्यात ऑनलाइन अर्ज करायचा, सोडत निघते. माझा नंबर लागला. पहाटे साडेपाचच्या सुमाराला खाली पाहिलं तर हिरव्या फरशीवर कुपे (म्हणजे ट्यूना) ओळीने मांडलेले, एकेक माणसाएवढा, शेपूट कापून ठेवलेली. घेणारे लोक गमबूट घालून, हातात टॉर्च आणि छोटा आकडा घेऊन फिरतात. शेपटीच्या कापावर टॉर्च मारतात, आकड्याने मांसाचा चिमूटभर तुकडा काढतात आणि दोन बोटांत चोळतात. तेल किती सुटतं ते बघायला. बोटं चोळून झाली की चेहरा अगदी कोरा, शेजाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. मग घंटा वाजते आणि लिलाववाला एका सुरात गाणं म्हटल्यासारखा सुरू होतो, घेणारे बोटांच्या खुणांनी भाव सांगतात, आणि एक मासा काही सेकंदांत विकला जातो. माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे पण कोळणी बोटं चोळतात, डोळा बघतात, कल्ला उघडतात. विद्या तीच आहे.

२०१९ च्या ५ जानेवारीला, वर्षाच्या पहिल्या लिलावात, आओमोरी प्रांतातल्या ओमा गावचा २७८ किलोचा कुपा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. पहिल्या लिलावाचा भाव हा मानाचा असतो, रोजचा भाव नाही, हे पण लक्षात ठेवा.

दर्याकिनारी:
तात्या, लिहिलंय सुंदर पण मी असहमत. मी २०१४ ला जुन्या त्सुकिजीत आत गेले होते. रोज फक्त १२० जणांना सोडायचे, त्यासाठी आम्ही मध्यरात्रीच जाऊन रांगेत बसलो होतो. आत ओली फरशी, थर्माकोलचे डोंगर, आणि त्या तारे नावाच्या उभ्याने चालवायच्या गाड्या इतक्या वेगात जायच्या की आपणच अंग चोरायचं. मासळीचा वास, बर्फ फोडायचा आवाज, करवतीने गोठलेला कुपा कापणारे लोक. त्यानंतर तोयोसुला गेले तर सगळं काचेपलीकडे. स्वच्छ आहे, थंड आहे, मासळीसाठी उत्तमच आहे, पण मला तिथे बाजारात आल्यासारखं वाटलं नाही. ६८ वर्षांच्या बाईंना पहाटे चारला उठवून काच दाखवू नका.

तात्या_वसईकर:
दर्याकिनारी, माल टिकतो त्या काचेमुळेच. जुन्या इमारतीत उन्हाळ्यात उघड्यावर मासळी असायची. आमच्या धक्क्यावर दुपारपर्यंत बर्फ वितळून जे हाल होतात ते मी लहानपणापासून बघितलेत, अर्धा माल भाव पडून जायचा आणि वडील गप्प बसायचे. मासळी थंड राहावी म्हणून कोणी एवढी मोठी इमारत बांधतं हेच मला बघायचं होतं. बघणाऱ्याला वास येवो न येवो, पकडणाऱ्याच्या मालाला भाव मिळायला हवा.

दर्याकिनारी:
हे पटलं तात्या. या बाजूने मी विचार केला नव्हता.

रसिका_क:
मी खाण्याचं सांगते, माझं खातं तेच.

सगळ्यात आधी तामागोयाकी. गोडसर अंड्याची जाड घडी, काडीवर लावून देतात. यामाचो आणि मारुताके ही दोन दुकानं समोरासमोर नाहीत पण जवळजवळ आहेत, दोन्हीकडे रांग. यामाचोमध्ये काचेतून करताना दिसतं, तिथे पाच मिनिटं नुसतं उभं राहा. चौकोनी तव्यांची ओळ असते, माणूस मिश्रण ओततो, बुडबुडे फुटायच्या आत काड्यांनी घडी आपल्याकडे ओढतो, मोकळ्या जागेत परत ओततो, घडीखाली पण सरकवतो, परत पलटी. एकाच वेळी कितीतरी तवे आणि एकही करपत नाही. धिरडं पलटताना आपली जी तारांबळ उडते ती आठवून मी त्या माणसाकडे बघत राहिले.

मग होताते, म्हणजे मोठ्या शिंपल्यातला गर, शिंपल्यातच ठेवून वरून गॅसच्या ज्वाळेने भाजतात, सोयासॉस आणि लोणी. कडेचा रस उकळायला लागला की देतात. तो रस शेवटी शिंपल्यातून प्यायचा, टाकायचा नाही. कालवं पण मिळतात, आपल्या कालवांच्या चौपट आकाराची, कच्ची किंवा भाजलेली. कुप्याचे तुकडे काडीवर. वामेचा जपानी भाऊ आनागो, मऊ शिजवलेला. आणि शेवटी स्ट्रॉबेरी दाइफुकु, मऊ मोचीत गोड पुरण आणि आख्खी स्ट्रॉबेरी.

महत्त्वाचं म्हणजे हातात घेऊन चालत खायचं नाही. ज्या दुकानातून घेतलं त्याच्यासमोर किंवा त्यांनी दिलेल्या जागेत उभं राहून खायचं आणि काडी, ताटली त्यांनाच परत द्यायची. गल्ल्या अरुंद आहेत, एखाद्याच्या कपड्याला सॉस लागतो. लेकीला आधीच समजावून ठेवा.

लेकीला कच्चं देताय का? पहिल्याच दिवशी भरपूर नको, भाजलेल्यापासून सुरुवात करा.

वाचनमात्र:
धिरड्याची उपमा 😄 आज रात्री घरी धिरडंच.

हिरवी_मिरची:
मासोळी, तुमच्या मिस्टरांसाठी मी लिहिते, आमचं पूर्ण घर शाकाहारी आहे आणि आम्ही त्सुकिजीत तीन तास मजेत घालवले.

पहिली सूचना, तामागोयाकी अंड्याचं आहेच, शिवाय त्यात 'दाशी' असते. दाशी म्हणजे बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, सुक्या माशाचं पाणी. इथल्या सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, भाज्यांच्या उकडीत सुद्धा ती असते. माळकऱ्याला नुसतं 'मासे नको' म्हणून भागत नाही. कागदावर लिहून घेऊन जा, 'निकु मो, साकाना मो, तामागो मो, कात्सुओ दाशी मो ताबेरारेमासेन', म्हणजे मांस, मासे, अंडं, माशाची दाशी काहीच चालत नाही. तिथल्या मैत्रिणीकडून जपानी लिपीत लिहून घेतलं तर आणखी बरं. लोक नीट वाचतात आणि नाही जमत तर स्पष्ट नाही म्हणतात, फसवत नाहीत.

काय खाता येतं? साधं दाइफुकु, म्हणजे तांदळाची मोची आणि लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण, फळं, माचा चहा. चहाच्या दुकानांबाहेर होजिचा भाजत असतात तो वास तर सुटकेसमध्ये भरून आणावासा वाटला. कोंबु म्हणजे समुद्री पाल्याचं दुकान जरूर बघा, शाकाहारी दाशी त्याचीच करतात. पोटभर जेवण मात्र बाजाराबाहेर, शोजिन र्योरी म्हणजे बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण शोधा, आधी बुकिंग करून.

ओसाका_डायरी:
मला सगळ्यांचा उत्साह कळतोय पण खरं सांगू का, त्सुकिजी आता फार महाग झालंय. मी मागच्या वर्षी एका दुकानात समुद्री साळिंदरासारखा तो उनी आणि खेकड्याचा एक पाय असं घेतलं आणि एवढे येन गेले की संध्याकाळी आम्ही कन्व्हिनियन्स स्टोअरचं ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, खाल्लं. मासळीसाठीच जायचं तर शिमोनोसेकीचं कारातो बाजार बघा, शुक्रवार ते रविवार मासळीवालेच सुशीचे ठेले लावतात, आपण एकेक तुकडा निवडायचा आणि बाहेर सामुद्रधुनीच्या काठावर बसून खायचं. कानाझावाचं ओमिचो पण आहे, हाकोदातेचा सकाळचा बाजार आहे, तिथे टाकीतलं माकूल स्वतः गळाला लावता येतं.

निशीकासाईकर:
ओसाका_डायरी, कारातो मलाही फार आवडतं पण ते होन्शूच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, दोन सकाळींत कसं व्हायचं? त्सुकिजीत भाव पाटीवर लिहिलेले असतात, पाटी बघून घ्या आणि मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत शिरा. खेकडा आणि उनी उभ्याने काडीवर खायच्या गोष्टीच नाहीत असं माझं मत. रसिकाताईंनी सांगितलेलं सगळं चौघांत वाटून घेतलंत तर पोटही भरतं आणि खिसाही राहतो.

तात्या_वसईकर:
अवांतर आहे पण राहवत नाही. कात्सुओबुशीचा विषय निघाला म्हणून. तो पण कुप्याच्याच कुळातला मासा. आधी उकडतात, काटे काढतात, मग दिवसचे दिवस लाकडाच्या धुरात ठेवतात, आणि उत्तम प्रतीच्या तुकड्यांवर मुद्दाम बुरशी चढवून उन्हात वाळवतात, असं परत परत. शेवटी लाकडाच्या ओंडक्यासारखा कडक होतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण आवाज. मग रंध्यासारख्या पेटीवर किसतात. आपण बोंबील आणि जवळा नुसत्या उन्हावर सुकवतो, लक्षद्वीपमध्ये मात्र असंच उकडून धुरी देऊन मासमीन करतात.

आणि इकेजिमे. मासा जिवंत आणतात, डोक्यात एक टोचा, मग रक्त काढतात, मग पाठीच्या कण्यातून तार घालतात. तडफड थांबते, म्हणून मांस खराब होत नाही. मी हे वडिलांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, माशाचे हाल कमी होतात हे जास्त चांगलं.

अजिंठावाले:
मासे खात नाही पण एक सांगायला लॉगिन केलं. त्सुकिजी स्टेशनातून बाहेर पडलात की होंगानजी मंदिर आहे, १९३४ मध्ये पुरं झालेलं, वास्तुकार इतो चुता. हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीन, भारत, तुर्कस्तान असे फिरले होते, आणि या मंदिराचा दर्शनी भाग त्यांनी प्राचीन भारतीय बौद्ध वास्तूंच्या धर्तीवर केलाय. वरची ती कमान बघितली की कार्ल्याच्या, अजिंठ्याच्या चैत्याची खिडकी डोळ्यासमोर येते. टोकियोच्या मधोमध, मासळीबाजाराच्या उंबऱ्यावर! माळकरी नवऱ्याला इथे नक्की न्या. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला नामियोके इनारी देऊळ आहे, लाटांपासून राखणारा देव, तिथेही जा. काय आहे ते सांगत नाही, स्वतः बघा.

मासोळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, पहिली सकाळ तोयोसु काचेतून, दुसरी त्सुकिजी. जाऊन आले की इथेच लिहिते.

गाबोळी_प्रेमी:
रुमाल टाकून ठेवतोय.

मासोळी:
आलो परत! उशीर झाला लिहायला, लेकीची शाळा सुरू झाली.

तोयोसु आधी. दर्याकिनारी, तुमचं म्हणणं मला पटलं होतं पण सासूबाई काचेला नाक लावून पाऊण तास उभ्या होत्या. हलल्याच नाहीत. कोणता कुपा चांगला ते त्या शेपटीच्या कापाच्या रंगावरून वरूनच सांगत होत्या, आणि ज्यावर बोट ठेवलं त्याच्याभोवती घेणारे खरोखर जमले. नंतर पाय दुखले म्हणून शेजारच्या सेनक्याकु बानराइमध्ये, २०२४ मध्ये उघडलेलं संकुल, वरती पाय बुडवून बसायचं गरम पाणी आहे तिथे बसलो.

त्सुकिजीची सकाळ मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. बाहेरच्या बाजारातच त्सुकिजी उओगाशी म्हणून इमारत आहे, तिथे आख्खी मासळी मिळते. एका गाळ्यावर लालसर चकाकणारा 'ताई' नावाचा मासा बर्फात होता. आईंचा हात आपोआप कल्ल्याकडे गेला आणि मध्येच थांबला, हात लावायचा नाही हे मी चारदा बजावलं होतं ना. गाळ्यावरच्या आजोबांनी ते पाहिलं. काही न बोलता त्यांनी मासा उचलला, अंगठ्याने कल्ला वर केला आणि आतला लालभडक रंग आईंना दाखवला. मग माशाचा डोळा दाखवला. मग पोटावर बोट दाबून सोडलं, खळगा राहिला नाही ते दाखवलं. आई प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. शेवटी दोघंही हसायला लागले. आम्ही मासा घेऊ शकत नव्हतो, हॉटेलवर शिजवणार कुठे, हे मी खुणेने सांगितलं तर त्यांनी हात जोडले, आईंनीही जोडले.

इकुरा, म्हणजे साल्मनची अंडी भातावर घातलेली, आईंनी पहिला घास घेतला आणि जोरात म्हणाल्या, "अगो, ही तर गाबोळी!" लेकीने भाजलेला होताते दोनदा खाल्ला आणि रसिकाताई, शिंपल्यातला रस तिने कोणाला दिला नाही. यामाचोसमोर तर ती हातानेच पलटायची नक्कल करत उभी होती.

नवऱ्याचं सांगते. तुमचा कागद चालला, हिरवी_मिरची, एका चहावाल्या बाईंनी तो वाचून आधी दाइफुकुच्या पाकिटावरचा मजकूर तपासला आणि मगच दिलं. होंगानजीपुढे तो बराच वेळ कमानीकडे बघत होता. पण नामियोके देवळात खरी गंमत झाली, अजिंठावाले, तुम्ही सांगितलं नाहीत ते बरं केलंत. आवारात दगड उभे केलेत, एक सुशीसाठी, एक कोळंबीसाठी, एक अंड्यासाठी, एक जिवंत माशांसाठी, बाजारवाल्यांनी ज्यांच्या जिवावर पोट भरलं त्यांच्यासाठी. मी त्याला अर्थ सांगितला. त्याने टोपी काढली आणि प्रत्येक दगडासमोर एकेकदा वाकला. मग आई पण वाकल्या. घरात माळ घातल्यापासून या दोघांच्यात मासळीवरून एक अवघडलेपण होतं, जेवायला बसताना तोंडं दोन दिशांना असायची. त्या दिवशी दोघं देवळाच्या पायरीवर शेजारी बसून तीच दाइफुकु खात होते.

अजिंठावाले:
डोळ्यात पाणी आणलंत.

तात्या_वसईकर:
कल्ला उचलून दाखवणारे आजोबा. वाचून दाखवलं वडिलांना. म्हणाले, धंदेवाला धंदेवाल्याला ओळखतो.

मासोळी:
तात्या, वडिलांना नमस्कार सांगा. आता एक प्रश्न राहिलाय. आईंनी तिथून देबा सुरी घेतली, मासे कापायची. दुकानदाराने आधी एक काढली होती, पण आईंनी नाणी मोजायला डावा हात पुढे केला तो बघून त्याने ती परत ठेवली आणि आतून दुसरी आणली. या सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते म्हणे, डावखुऱ्यांची वेगळी आणि जरा महाग. ६८ वर्षांत त्यांना कोणी डाव्या हाताची सुरी दिली नव्हती, आदाळ्यावरच, म्हणजे विळीवरच, सगळं केलं. पण पहिल्याच आठवड्यात बांगडे कापले आणि पात्यावर तांबूस डाग आलाय. काय करू?

निशीकासाईकर:
घाबरू नका, साध्या पोलादाची असेल, ती गंजतेच. डाग कॉर्कच्या बुचाला भांडी घासायची पावडर लावून हलक्या हाताने घासा, जाईल. इथून पुढे काम झालं की लगेच धुवायची, गरम पाण्याने, आणि पूर्ण कोरडी पुसून ठेवायची. बरेच दिवस वापरणार नसाल तर तेलाचा हात फिरवायचा. लिंबू आणि कोकम लागलं तर तर अजिबात तशीच ठेवू नका.

मासोळी:
कोकमच लागलं होतं! आईंना सांगते.